बाळ रात्री जागते तेव्हा

(सोलापूर येथे मंडळीतील बंधुभगिनींच्या सभेत केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



वस्त्यांवरील कामाविषयी मी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. शाळेतील मुले, जातीचे दाखले, रेशनकार्ड यांविषयी आपण वेळोवेळी ऐकता आणि त्यासाठी प्रार्थनाही करता. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याला आमच्या अहवालात रकाना नाही. तो विषय म्हणजे तान्ह्या बाळाची झोप आणि त्या बाळाच्या आईची झोप.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? लेकरे रडतातच, आम्हीही रात्री जागवल्या आहेत. खरे आहे. पण पारध्यांच्या पालांवर किंवा ऊसतोडीच्या कोप्यांवर गेले की तान्ह्या लेकराची आई बहुतेक एकच प्रश्न विचारते, "ताई, लेकरू रातभर झोपंना. काय देऊ त्याला?"

काय देऊ? या प्रश्नाला उत्तर देणारे आजूबाजूला पुष्कळ असतात. शेजारीण सांगते, दुकानदार सांगतो, दारू पिऊन आलेला दीरही सांगतो. त्यातली काही उत्तरे लेकराच्या जिवावर बेततात. म्हणून आपल्याजवळ या प्रश्नाचे योग्य उत्तर हवे. माझे उत्तर मी आताच सांगून टाकते. बाळाला झोपेसाठी काहीही द्यायचे नाही. द्यायचे ते आईला द्यायचे. काय द्यायचे आणि कोणी द्यायचे, हे पुढे सांगते.

बाळ का जागते?

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते. हे ऐकून आया हसतात. "आमचं तर डोळाच लावत नाही," म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाळ झोपते खूप, पण तुकड्यातुकड्यांनी. दोन तास झोपले की उठते, दूध पिते, पुन्हा झोपते. त्याचे पोट एवढेसे असते. पहिल्या दिवसांत एका वेळी काही चमचेच दूध त्यात मावते. आईचे दूध पचतेही लवकर. मग भूक लागणारच.

दुसरे कारण असे की बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. आपल्या शरीरात जे घड्याळ असते, ते बाळाच्या शरीरात बसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून काही बाळे दिवसभर गाढ झोपतात आणि दिवे मालवले की टकटक बघत बसतात. लोक म्हणतात, "रात्रीचं जन्मलंय, म्हणून रात्री जागतंय." जन्मवेळेचा याच्याशी काही संबंध नाही. दिवसा जन्मलेलेही असेच करते.

तिसरे कारण बाळाच्या झोपेचे आहे. तिच्यात निम्मा वेळ हलकी झोप असते. त्या झोपेत बाळ हातपाय झटकते, कण्हते, तोंड वेडेवाकडे करते, कधी डोळेही उघडते. आईला वाटते ते उठले, म्हणून ती उचलून घेते आणि तेव्हा ते खरोखरच उठते. अशा वेळी मनात वीस आकडे मोजेपर्यंत थांबावे. पुष्कळदा ते आपोआप शांत होते.

रडण्याचाही एक काळ असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तीन-चार महिन्यांत उतरते. संध्याकाळी ते अधिक असते. दिवेलागणीला रडते म्हणून दृष्ट काढली जाते, मीठ-मोहरी उतरली जाते. ज्या आईला हा काळ आधी सांगून ठेवला आहे, ती घाबरत नाही. "ताई, तुम्ही सांगितलेला सहावा आठवडा चालू आहे," असे मला एक आई म्हणाली. तिची रात्र काही सोपी झाली नव्हती, पण ही रात्र संपणार आहे हे तिला ठाऊक होते.

चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडी बदलते आणि बरे झोपणारे बाळ पुन्हा उठू लागते. पुढे आठ-नऊ महिन्यांचे झाले की आई दिसली नाही तर रडते. वर्षाचे होईपर्यंत रात्री एकदोनदा उठणारी निरोगी बाळे पुष्कळ असतात. हा आजार नाही आणि आईचा दोषही नाही.

या जागण्याचा उपयोगही आहे. रात्री बाळ अंगावर प्यायले की आईच्या शरीराला अधिक दूध तयार करण्याचा निरोप मिळतो. रात्रीच्या दुधात झोप आणणारे द्रव्यही असते. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही, तेव्हा आईकडून ते मिळते. आणि नाकातोंडावर काही आले, श्वास अडला, तर जे बाळ चटकन जागे होते तेच मान हलवते, रडते आणि वाचते. म्हणून तान्ह्या बाळाला दगडासारखे झोपवणे ही चांगली गोष्ट नाही.

बाळगोळी

आता मी तुम्हाला शंभर वर्षे मागे नेते, कारण "काय देऊ" हा प्रश्न जुना आहे.

आपले सोलापूर गिरण्यांचे गाव. जुनी मिल १८७७ साली उभी राहिली, मग इतर आल्या. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आज्या-पणज्या गिरणीत गेल्या असतील. त्या काळी गिरणीतल्या बाईचा दिवस दहा-अकरा तासांचा असे. घरी तान्हे बाळ, सांभाळायला एखादी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची बहीण. मग बाळाला अफूची बारीक गोळी दिली जाई. लोक तिला बाळगोळी म्हणत. आई कामावर जाताना देई, म्हणजे ते दिवसभर पडून राही. रात्रीही देई, म्हणजे तिला स्वतःला झोप मिळे आणि पहाटे उठून पुन्हा कामावर जाता येई.

१९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांच्या अहवालात असे आहे की या स्त्रियांच्या शंभर बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती. शंभरात ९८! पुढे मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानेही १९३१च्या अहवालात या प्रथेची नोंद घेतली.

अफूने काय होते? बाळ रडत नाही. भूक लागली तरी रडत नाही, म्हणून त्याला पाजले जात नाही आणि ते वाळत जाते. पोट साफ होत नाही. मात्रा थोडी जास्त झाली की श्वास मंदावतो आणि कधी थांबतो. शेजारी म्हणतात, "किती गुणी बाळ आहे, रडतच नाही."

त्या आया निर्दय नव्हत्या. शंभरातल्या ९८ आया निर्दय असूच शकत नाहीत. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तो मार्ग काढायला कायदा लागला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. १९२९ साली तो कायदा झाला. गिरण्यांमध्ये पाळणाघरे असावीत असा आग्रह सुरू झाला आणि १९४८च्या कारखाना कायद्याने जिथे पुष्कळ स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. आईच्या हातातली गोळी काढून घ्यायची, तर त्या हातात सुट्टी, बाळाला पाजायची सवड आणि बाळ सांभाळणारे माणूस द्यावे लागते, हे त्या काळच्या लोकांच्या ध्यानात आले.

पण हे कारखान्यापुरते झाले. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला पाळणाघर कुठले? उसाच्या फडात कोयता घेऊन उभी असणारीला कुठले? आणि पालावर राहणाऱ्या पारधी बाईला?

पालावरची रात्र

आपल्या गावात सेटलमेंट नावाचा भाग आहे, तो आपल्याला ठाऊक आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. अशा लोकांना सोलापुरात कुंपणाच्या आत ठेवले, हजेरी सक्तीची केली आणि गिरण्यांत कामाला लावले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या. कुंपण गेले, पण संशय गेला नाही.

त्याचा बाळाच्या झोपेशी काय संबंध, ते एका पारधी बाईने मला सांगितले. त्यांची चार पाले एका शेताच्या बांधाला होती. ती म्हणाली, "ताई, तुमच्या घरी लेकरू रडलं तर शेजारी चौकशीला येतात. आमचं रडलं तर बॅटरी मारत येतात. कोण हाय, कुठून आला, उद्या रान सोडा म्हणतात." म्हणून पालावर बाळाला गप्प ठेवावेच लागते. तिथे मूल रडले तर सबंध कुटुंबाचे बिऱ्हाड उठू शकते.

ऊसतोडीचे वेगळे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे अंधारातच फडावर जायचे. जी आई रात्री चार वेळा उठली आहे, तिलाही पहाटे कोयता धरायचाच असतो. अशा आईला कोणी म्हणाले, "हे दोन थेंब दे, सकाळपर्यंत हलणार नाही," तर ती काय करील?

आज काय दिले जाते, ते मी स्पष्ट सांगते. जायफळ उगाळून चाटवतात, आणि झोप आली नाही की जास्त उगाळतात. सर्दी-खोकल्याचे औषध देतात, कारण त्याने गुंगी येते. बोट दारूत बुडवून चोखायला देतात. कुठे कुठे अजून अफूही देतात. यातले काहीही तान्ह्या बाळाला देऊ नये. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांवर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे लिहिण्याचा आदेश आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला आहे. जायफळाची मात्रा चुकली तर बाळ बेशुद्ध पडू शकते. गुटीबरोबर मध चाटवण्याची रीत आपल्या चांगल्या घरांतही आहे. मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको. पहिले सहा महिने आईचे दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, एवढेच.

झोप वेगळी आणि गुंगी वेगळी. झोपलेले बाळ भूक लागली की उठते. गुंगीतले उठत नाही.

शलमोनापुढील दोन आया

१ राजे या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील शलमोन राजाचा न्याय आपण रविवारच्या शाळेत शिकलो आहोत. तलवार आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. पण तो खटला उभा का राहिला? एका आईने झोपेत आपल्या बाळावर कूस बदलली आणि ते गुदमरून मेले. ही गोष्ट आपण भराभर वाचून पुढे जातो. पहिली स्त्री राजाला आणखी एक गोष्ट सांगते. त्या घरात आम्हा दोघींखेरीज तिसरे कोणीही नव्हते, असे ती म्हणते. साक्षीदार नव्हता हे सांगण्यासाठी ती असे बोलते. मला मात्र त्यात आणखी काही ऐकू येते. दोघी ओल्या बाळंतिणी, तीन दिवसांच्या अंतराने बाळंत झालेल्या, आणि घरात पाणी द्यायलासुद्धा माणूस नाही. न सासू, न बहीण, न सुईण. समाजाने त्यांना दूर ठेवलेले होते. त्या रात्री तिसरे माणूस असते, तर कदाचित राजापर्यंत जाण्याची वेळच आली नसती.

थकलेल्या आईची झोप फार जड असते, म्हणून बाळ कसे झोपवावे हे आम्ही वस्तीवर दाखवतो. पाळणा विकत घ्या असे आम्ही सांगत नाही. पालात पाळणा ठेवायला जागाच नसते आणि बाळ आईजवळच झोपते. तरी एवढे करता येते. बाळाला उताणे झोपवावे, पालथे किंवा कुशीवर नको. जमिनीवर घट्ट घडी केलेले अंथरूण असावे, मऊ गादी नको. उशी नको, मोहरीची उशीही नको. गोधडी छातीच्या वर येऊ देऊ नये, तोंड उघडे असावे. बाळाच्या एका बाजूला आई असावी. दुसऱ्या बाजूला मोठे भावंड नको, आणि दारू प्यायलेले माणूस तर त्या अंथरुणावरच नको. बिडी आणि चुलीचा धूर जवळ नको. आंघोळीनंतर ओव्याची धुरी देण्याची आपली रीत आहे, तीही सोडावी, कारण एवढ्याशा फुप्फुसांना धूर सोसत नाही. फडावर झाडाला झोळी बांधली, तर बाळाचे तोंड दिसत राहिले पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये आणि कोणाची तरी नजर तिथे असली पाहिजे.

झोपेची घडी बसायला मदत होते ती साध्या गोष्टींनी. सकाळी बाळाला उजेडात आणावे. दिवसा आवाज, बोलणे चालू असू द्यावे. रात्री पाजताना मोबाइलचा उजेड नको, गप्पा नकोत, खेळवणे नको. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. रोज संध्याकाळी तोच क्रम ठेवावा: अंग पुसणे, दूध, एखादे गाणे, अंथरूण. एका आठवड्यात फरक पडणार नाही, पण दोन-तीन महिन्यांत पडतो.

मात्र प्रत्येक रडणे साधे नसते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, दूध ओढेनासे झाले, श्वास जोरजोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, टाळू फुगली, झटके आले, किंवा नेहमी रडणारे बाळ एकदम मलूल पडले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ला फोन करून दवाखान्यात न्यावे. आशाताई बाळ जन्मल्यावर घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. पण पाले हलली की त्या भेटी चुकतात. म्हणून एखादे पाल हलले की ते कुठे गेले हे तिथल्या आशाताईला कळवणे, हे आमचे एक कामच झाले आहे.

सव्वा महिन्याचे शहाणपण

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. पहिलटकरीण माहेरी जाते. आई तिला डिंकाचे लाडू, हळिवाची खीर देते. मालीश करायला बाई येते. रात्री बाळ रडले की आजी उठते. त्या रिवाजात काही गोष्टी टाकण्यासारख्या आहेत, धुरीचे मी बोललेच. पण त्यातली मुख्य गोष्ट फार शहाणपणाची आहे. बाळ एकटीच्या अंगावर टाकायचे नाही. घरात आणखी चार हात असतात आणि ते आळीपाळीने बाळ घेतात. "काय देऊ" या प्रश्नाचे आपल्या आज्यांचे उत्तर हेच होते. त्यांनी बाळंतिणीला माणसे दिली.

गरीब बाईला हा सव्वा महिना मिळत नाही. तिची आई दुसऱ्या कारखान्याच्या तोडीवर असते. सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये आहेत, पण त्यासाठी आधारकार्ड लागते, बँकेचे खाते लागते, नोंदणी लागते. ती कागदपत्रे करून द्यायला आम्ही धावपळ करतो. पैसे आले तरी रात्री दोन वाजता बाळ घ्यायला पैसा उठत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका वस्तीवर एकोणीस वर्षांची एक आई होती. तिचे बाळ दीड महिन्याचे होते. नवरा कामाच्या शोधात बाहेरगावी. आशाताईंनी मला बोलावले, कारण ती बोलत नव्हती. बाळ रडायचे आणि ती पालाच्या कनातीकडे बघत बसायची. शेजारणीने दारूत बुडवलेले फडके आणून दिले होते, ते तिच्या उशाला होते. तिने ते वापरले नव्हते. मी विचारले, "बाई, का नाही दिलंस?" ती म्हणाली, "दिल्यावर ते उठलं नसतं तर?" एवढ्या थकव्यातही तिला हे सुचले, याचे मला आजही नवल वाटते.

आम्ही त्या बाळाला झोपवण्याचे कोणतेही औषध आणले नाही. वस्तीतील दोन बायकांशी बोललो. एकीने संध्याकाळी पाच ते सात बाळ घ्यायचे ठरवले, म्हणजे सर्वांत जास्त रडण्याच्या वेळी. सासू पहाटे बाळ घेऊ लागली. आपल्या मंडळीतील दोन निवृत्त भगिनी आठवड्यातून दोनदा दुपारी जाऊ लागल्या. त्या बाळाला मांडीवर घेत आणि आईला म्हणत, "तू झोप गं." पहिल्या दिवशी ती चार तास झोपली. तिचे मन खचले होते, म्हणून तिला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनाही दाखवले.

तीन आठवड्यांनी मी गेले, तेव्हा बाळ रात्री पूर्वीइतकेच, तीन वेळा उठत होते. त्याच्यात काहीच बदल झाला नव्हता. आई मात्र बोलू लागली होती. बाळ कसे हसते ते तिने मला दाखवले. ते हसत असल्याचे आधी तिच्या ध्यानातच आले नव्हते.

बाळंतपणानंतर रडू येणे, चिडचिड होणे, हे पहिल्या आठवड्यात बहुतेकींना होते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, बाळाजवळ जावेसे वाटेना, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, जगू नये असे वाटू लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिला विश्वासात कमी समजू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक लिहून ठेवा. तो आपल्या मंडळीतल्या घरांतही लागू शकेल.

आपल्याकडून काय हवे

तुम्ही पैसे देता, कपडे देता, त्यासाठी मी आभारी आहे. आज मी वेळ मागायला उभी आहे.

पहिली विनंती आजी झालेल्या भगिनींना. तुमच्या मांडीवर कितीतरी लेकरे झोपली आहेत. आठवड्यातून एका दुपारी दोन तास वस्तीवर चला. उपदेश करायचा नाही, बाळ घ्यायचे आणि आईला झोपू द्यायचे. प्रवासाची सोय आम्ही करू. पहिल्यांदा जाताना आमच्यापैकी कोणीतरी बरोबर असेल, कारण ओळख झाल्याशिवाय कोणती आई आपले बाळ परक्याच्या हातात देईल?

दुसरी विनंती बंधूंना. वस्तीतील पुरुषांशी तुम्हीच बोलू शकता. बाळ घेतल्याने पुरुषपण कमी होत नाही, हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते तुमच्याकडून ऐकतील. पाजण्याचे काम आईचे असले तरी ढेकर काढणे, फडके बदलणे, खांद्यावर घेऊन फिरवणे बापाला येते. प्यायल्यावर बाळाजवळ झोपायचे नाही, हे तर त्यांना सांगायलाच हवे.

तिसरी विनंती सर्वांना. तोडीच्या हंगामात कोप्यांवर आळीपाळीने बाळे सांभाळण्याची व्यवस्था आम्हाला करायची आहे. वस्तीतीलच एका वयस्क बाईला थोडे मानधन द्यायचे आणि ती चार-पाच बाळे सावलीत सांभाळील. याने आणखी एक गोष्ट होईल. आज ती बाळे आठ-नऊ वर्षांच्या मुली सांभाळतात. बाळ कडेवर असेपर्यंत त्यांना शाळा नाही. आईला झोप मिळेल आणि त्या मुलीला पाटी-दप्तर मिळेल. शंभर वर्षांपूर्वी गिरणीच्या पाळणाघरासाठी लोक भांडले, तेवढेच आपण फडाच्या कडेला करू पाहत आहोत.

आणि ज्यांना वस्तीवर येणे जमणार नाही, त्यांनी आपल्या शेजारी पाहावे. आपल्या मंडळीतही अशा तरुण आया आहेत ज्यांची आई दूर आहे, नवरा रात्रपाळीला आहे. त्या रविवारी उपासनेला येत नाहीत आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींना आवड नाही. त्यांच्या दारी जा. बाळ कोणासारखे दिसते ते नंतर बोलू. आधी विचारा, "बाई, तू रात्री किती झोपलीस?"

ज्यांना बुधवारी दुपारी आमच्याबरोबर यायचे आहे, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. गाडी दोन वाजता निघते आणि पाचपर्यंत परत येते. येताना एक धुतलेले सुती लुगडे आणा, बाळाला अंथरायला उपयोगी पडते.